पॅरिसची लोज आणि आपली वॉचमनची खोली : वाचकांचे प्रश्न

इमारत सांभाळणारा माणूस, हा या वेळच्या सदराचा विषय. लातूर, नांदेड, जालन्याकडच्या पत्रांत अपेक्षेप्रमाणे वॉचमन, टँकर आणि मेन्टेनन्स आहेच. पण फ्रान्समधल्या कोंसिएर्जबद्दलही, म्हणजे तिथल्या इमारतीच्या राखणदाराबद्दलही, बऱ्याच जणांनी विचारलंय. कुणाची मुलगी तिकडे शिकते, कुणाला तिकडची पद्धत आपल्या अपार्टमेंटमध्ये आणता येईल का हे बघायचंय. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मुलगी पॅरिसला शिकते. सहाव्या मजल्यावर छोटी खोली आहे. खाली दाराशी एक बाई राहतात, त्यांना सगळे ‘गार्दिएन’ म्हणतात. त्या घरमालकीण नाहीत आणि आपल्यासारख्या वॉचमनही वाटत नाहीत. मुलीनं त्यांच्याकडे काय मागावं, काय मागू नये? (निवृत्त शिक्षक, लातूर)

गुरुजी, त्या बाई इमारतीच्या नोकरदार आहेत. पूर्वी कोंसिएर्ज म्हणत, आता पुरुषाला गार्दिएँ आणि बाईला गार्दिएन म्हणतात. तळमजल्यावरच्या त्यांच्या घराला लोज म्हणतात. हे घर नोकरीसोबत मिळतं आणि नोकरी गेली की सोडावं लागतं. त्यांना नेमतो सँदिक, म्हणजे सगळ्या फ्लॅटमालकांच्या वतीनं इमारतीचा कारभार बघणारा व्यवस्थापक. तुमची मुलगी भाडेकरू आहे. त्यामुळे तिनं बाईंना काम सांगायचं नाही आणि तक्रार असली तर ती घरमालकामार्फत सँदिककडे न्यायची.

बाईंची ठरलेली कामं म्हणजे जिना आणि प्रवेशाचा भाग साफ ठेवणं, कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन परत आणणं, लिफ्ट-बॉयलर-दिव्यांवर लक्ष ठेवणं आणि दुरुस्तीवाल्याला दार उघडून देणं. काही इमारतींत टपाल घरोघरी वाटणंही असतं. पार्सल घेणं सगळीकडे करारात नसतं, तेव्हा आधी विचारावं. रजिस्टर्ड पत्र तिच्या वतीनं घ्यायचं असेल, तर मुलीनं लेखी अधिकारपत्र दिलेलं असावं लागतं. नुसतं ‘घेऊन ठेवा’ म्हटल्यानं पोस्टमन पत्र देत नाही. जादा किल्ली ठेवायला द्यायची की नाही, हे मुलीनं ठरवायचं. ठेवून घ्यायला त्याही बांधील नाहीत. परवानगीशिवाय खोलीत येण्याचा अधिकार त्यांना नाही.

त्यांची खरी गरज पडते गळतीच्या वेळी. जुन्या पॅरिसच्या इमारतींत पाण्याचे उभे पाइप घरांतून जातात आणि कुठल्या उभ्या पाइपाचा व्हॉल्व्ह तळघरात कुठे आहे, हे बऱ्याचदा एकट्या गार्दिएनला ठाऊक असतं. म्हणून छतातून थेंब पडायला लागले, तर सगळ्यात आधी लोजचं दार वाजवावं. मग फोटो काढावेत. वरच्या घरातल्या माणसासोबत दोघांच्या सह्यांचा गळतीचा पंचनामा करावा. त्याचा छापील नमुना विमा कंपनीकडे मिळतो. विमा कंपनीला कामकाजाच्या ५ दिवसांच्या आत कळवावं. फ्रान्समध्ये भाडेकरूला घराचा विमा काढावाच लागतो, तेव्हा पॉलिसी असणारच. उशीर झाला, तर भरपाईवरून वाद होतो.

आणि येता-जाता ‘बोंजूर, मादाम’ म्हणायचं. पुढचं बोलणं त्यानंतरच सुरू होतं.

तिकडे पूर्वी म्हणे प्रत्येक इमारतीत कोंसिएर्ज असायची. आता कमी झाल्या. कामून? नुसत्या पगाराचाच हिशोब आहे का? (सिडको, छत्रपती संभाजीनगर)

पगार हे कारण आहेच, पण ते शेवटी आलं. त्याआधी एकेक काम हातातून गेलं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसची इमारत बहुधा एकाच मालकाची असे आणि कोंसिएर्ज हा त्या मालकाचा डोळा असे. भाडं गोळा करणं, कोण कधी आलं-गेलं ते बघणं, टपाल वर नेऊन देणं ही त्याची कामं. रात्री दार बंद असे. उशिरा आलेला भाडेकरू बाहेरून ‘दोरी ओढा’ म्हणून हाक मारायचा आणि कोंसिएर्ज अंथरुणातूनच दोरी ओढून कडी काढायचा. त्याच्याशी वाकडं घेतलं, तर थंडीत बाहेर ताटकळायची पाळी. १८८३ मध्ये तिथले प्रीफेक्ट, म्हणजे सरकारनं नेमलेले प्रशासक, पुबेल यांनी घरमालकांना झाकणाचे डबे ठेवण्याची सक्ती केली. त्यांचं आडनावच पुढे फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याचं नाव झालं, आणि डबे बाहेर नेण्याचं काम अर्थातच कोंसिएर्जच्या गळ्यात पडलं.

मग मालकी बदलली. १९३८ च्या आणि त्यानंतर १० जुलै १९६५ च्या कायद्यानं मजल्या-मजल्यानं, फ्लॅट-फ्लॅटनं मालकी पक्की झाली. एका धनिकाच्या जागी तीस-चाळीस मालक आले आणि प्रत्येक जण वर्षाच्या हिशोबात कोंसिएर्जची ओळ वाचू लागला. त्याच सुमारास, १९६० आणि ७० च्या दशकांत, पोर्तुगाल आणि स्पेनमधून आलेल्या बायकांनी पॅरिसच्या लोज भरल्या. आधी हीच कामं फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून आलेले लोक करायचे. नवरा बांधकामावर, बायको लोजमध्ये, अशी ती जोडी. घर मिळतं म्हणून कमी पगार चालायचा. पुढची पिढी शिकली आणि तिनं लोज नाकारली.

त्यानंतर यंत्रं आली. दाराला आकड्यांचा डिजिकोड बसला, तसं रात्री दार उघडायला माणूस लागेना. तळमजल्यावर टपालपेट्या लागल्या, तसं वर जायचं कारण उरलं नाही. पोस्टमनला आत येता यावं म्हणून सगळीकडे चालणारी एकच किल्ली असायची. तिच्या नकला बाजारात फिरू लागल्यावर टपाल खात्यानं विजिक नावाचं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र काढलं. ते ठरावीक वेळेपुरतंच चालतं. आणि शेवटी जागेचा भाव. पॅरिसमध्ये वीस-पंचवीस चौरस मीटरची लोज विकली, तर छताची अख्खी दुरुस्ती निघू शकते. इमारतीचं छत गळत असताना हा मोह आवरणं अवघडच.

सरकारी भाड्याच्या वसाहतींत मात्र उलटं झालं. २००१ च्या अखेरीस निघालेल्या आदेशानं ठरावीक शहरी भागांतल्या मोठ्या वसाहतींवर १०० घरांमागे निदान एक माणूस नेमण्याची सक्ती आली. हा गार्दिएँ झाडूपेक्षा फोन आणि वहीच जास्त वापरतो. भांडणं मिटवणं, दुरुस्त्यांची नोंद, नवीन भाडेकरूला घर दाखवून स्थिती लिहून घेणं ही त्याची कामं. त्यासाठी तिथे व्यवसाय-प्रमाणपत्राचा अभ्यासक्रमही आहे.

एक घटना या विषयात पुन्हा पुन्हा निघते. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं गेली. त्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसं फार होती. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आज खिडकी उघडली नाही’, हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. हे काम कुठल्याच करारात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे लोज बंद करताना त्याची किंमत कुणी धरलीच नव्हती.

आमच्या अपार्टमेंटमध्ये २४ फ्लॅट. एकच वॉचमनमामा आहेत, कुटुंबासह पार्किंगमधल्या खोलीत राहतात. काही जण म्हणतात, ‘ते दिवसभर बसूनच असतात’. मामा म्हणतात, ‘मला श्वास घ्यायला वेळ नाही’. फ्रान्समध्ये काम मोजायची काही पद्धत आहे असं ऐकलं. (सोसायटीच्या सचिव, नांदेड)

आहे, आणि ती उचलण्यासारखी आहे. तिकडे ११ डिसेंबर १९७९ चा देशव्यापी करार आहे आणि त्यात दोन प्रकारचे कर्मचारी आहेत. एक तासांवर, पूर्ण वेळ म्हणजे महिन्याला १५१.६७ तास. दुसरा कामांवर. त्याच्या प्रत्येक कामाला गुण असतात. घरं किती, जिन्याचे मजले किती, लिफ्ट आहे का, अंगण किती चौरस मीटर, डबे किती आणि आठवड्यातून किती वेळा बाहेर न्यायचे, यावरून बेरीज होते. १०,००० गुण झाले की ती पूर्ण नोकरी. बेरीज कमी भरली, तर पगार त्या प्रमाणात. कामाची यादी करारपत्राला जोडलेली असते. नवीन काम वाढवायचं तर आधी यादी बदलायची. तेराव्या महिन्याचा, म्हणजे वर्षाला एक जादा पगारही याच करारात आहे.

सचिवताई, तुमच्या इमारतीसाठी गुणांच्या भानगडीत पडू नका, मिनिटं धरा. पार्किंगवर चार मजले, मजल्याला सहा फ्लॅट असं समजू.

जिने आणि पॅसेज झाडायला मजल्याला १५ मिनिटं, म्हणजे रोज ६०. पुसणं आठवड्यातून दोनदा, मजल्याला २० मिनिटं. त्याची रोजची सरासरी २३ येते. पार्किंग आणि गेटसमोरचा भाग ४०. कचरा घरोघरी घेऊन ओला-सुका बघायला फ्लॅटमागे २ मिनिटं म्हणजे ४८, घंटागाडीपर्यंत न्यायला १५. झाडांना पाणी २०. पार्सल, पाहुणे, गॅसवाला, केबलवाला मिळून ४५. आता पाणी. आठवड्यातून एकदा नळ येत असेल, तर त्या दिवशी हौद भरणं, मोटर लावणं, दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह फिरवणं यात १२० मिनिटं जातात, इतर दिवशी २०. रोजची सरासरी ३४. सगळं मिळून २८५ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तास. टँकर आला, तर तासभर वर.

आता दोन्ही बाजू खऱ्या कशा, ते दिसतं. अंगमेहनत पावणेपाच तासांची; पण ती पहाटे पाचच्या मोटरीपासून रात्री अकराच्या गेटपर्यंत पसरलेली. मधल्या वेळात मामा बसलेले दिसतात, पण जागा सोडून कुठे जाऊ शकत नाहीत. फ्रेंच करारानं नेमकं इथे बोट ठेवलंय. इमारतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्याचा दिवस सुरुवातीपासून शेवटापर्यंत १३ तासांच्या आत बसला पाहिजे, आणि त्यात ठरलेली सलग विश्रांती असली पाहिजे. विश्रांतीच्या वेळेत लोजचं दार बंद. वेळेची पाटी दारावर. कुणी वाजवलं, तरी उघडायची सक्ती नाही.

तुमच्याकडे हेच करता येईल. दुपारी एक ते चार मामांची सुट्टी, आणि ती गेटवर रंगवून लिहा. रात्रीच्या गेटसाठी वेगळा माणूस किंवा फ्लॅटधारकांकडे किल्ल्या. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी, आणि त्या दिवशी मोटर कोण लावणार त्याचं नाव फळ्यावर. यादीत नसलेली कामं, म्हणजे कुणाची गाडी धुणं किंवा किराणा आणणं, ज्याची त्यानं वेगळे पैसे देऊन करून घ्यावीत. बहुतेक इमारतींत भांडण या शेवटच्या मुद्द्यावरच होतं, कारण पहिल्या मजल्यावरच्यांची गाडी रोज धुतली जाते आणि जिना तिसऱ्या मजल्यापर्यंतच पुसला जातो.

वॉचमनला काढून सीसीटीव्ही लावावेत आणि त्यांची खोली दुकानासाठी द्यावी, असा ठराव आमच्याकडे येतोय. फ्रान्समध्ये हे कसं करतात? (जालना)

तिकडे हे कार्यकारिणीच्या पातळीवर होतच नाही. कर्मचाऱ्याला नेमणं-काढणं सँदिकचं काम. पण किती आणि कुठल्या प्रकारच्या जागा ठेवायच्या, हे फक्त सर्वसाधारण सभा ठरवते. गार्दिएँची जागा रद्द करून त्याचं घर विकायचं, तर सगळ्या मालकांपैकी निम्म्याहून जास्त माणसं हवीत आणि त्यांच्याकडे, हिश्श्याप्रमाणे मोजलेल्या एकूण मतांपैकी, निदान दोन तृतीयांश मतं हवीत. सभेला किती आले यावर हे मोजत नाहीत, एकूण मालकांवर मोजतात. त्यामुळे गैरहजर माणूस जवळजवळ विरोधातच धरला जातो. आणि गार्दिएँ असणं हाच इमारतीच्या दर्जाचा भाग ठरत असेल, तर एकमत लागतं. एका मालकानं कोर्टात जाऊन ठराव पाडल्याची उदाहरणं तिकडे नवलाची नाहीत.

त्यानंतर खोली ‘सामाईक’मधून काढून स्वतंत्र मालमत्ता करायची. भूमापक मोजणी करतो, तिला सामाईक हिश्श्यातला वाटा ठरवून दिला जातो, नोटरीकडे दस्त होतो. आलेले पैसे मालकांत हिश्श्याप्रमाणे वाटले जातात. कर्मचाऱ्याला काढलं, तरी त्याला निदान तीन महिने त्या घरातून हलवता येत नाही. घाईनं केलेले व्यवहार दोन ठिकाणी अडकतात. खोली ९ चौरस मीटरपेक्षा लहान निघाली, तर सहसा ती राहायला भाड्यानं देता येत नाही. किंवा तिचा संडास जिन्याखाली, वेगळ्या जागेत असतो आणि तो कुणाचा यावरून पुन्हा सभा.

बचतीचं गणितही बघा. बाई गेली की झाडायला एक कंपनी, डब्यांसाठी दुसरी, लिफ्टचा करार होताच, पार्सलसाठी लॉकर, आणि दिवा गेला तर सँदिकच्या ऑफिसला ईमेल. प्रत्येक जण आपलं काम करून जातो. जिन्यात पाणी ठिबकतंय हे कुणाच्याच कामात बसत नाही. ठिबकण्याचं बिल येतं, तेव्हा ते भिंतीचं बिल असतं. ही पोकळी भरायला पॅरिसमध्ये २०१५ पासून एक उपक्रम चालतो. त्या उपक्रमाचं नाव ‘लुलू दाँ मा र्यू’. सें-पोल मेट्रोजवळच्या टपरीतून तो सुरू झाला, आणि त्यातून अख्ख्या वस्तीला छोट्या कामांसाठी माणूस मिळतो. पण तो बोलावल्यावर येणारा माणूस आहे.

तुम्ही आधी डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे कुठली जागा कुणाची आणि कुठली सामाईक हे लिहिलेला अपार्टमेंटचा नोंदणीकृत दस्त, काढून वाचा. खोली सामाईक म्हणून दाखवली असेल, तर कार्यकारिणीच्या ठरावावर ती विकता येत नाही, आणि मंजूर नकाशात वापर ‘वॉचमन रूम’ असेल, तर दुकानासाठी महापालिकेची परवानगी लागेल. पार्किंगमध्ये दुकान काढून वर्षभरात सील झाल्यावर भाडं आणि डिपॉझिट परत करत बसू नका. आणि कॅमेऱ्याबद्दल एवढंच, की कॅमेरा व्हॉल्व्ह फिरवत नाही. जालन्यात पाणी कधी येईल याचा नेम नसताना हा मुद्दा ठरावाच्या पहिल्या ओळीत यायला हवा.

तिकडे गार्दिएँचा पगार भाडेकरूकडून घेतात की मालकाकडून? (परभणी)

दोघांकडून, आणि टक्का कायद्यानं ठरलेला आहे. गार्दिएँ सफाई आणि कचरा दोन्ही कामं करत असेल, तर त्याच्या पगाराच्या खर्चाचा ७५ टक्के भाग भाडेकरूंवर टाकता येतो. दोन्हींपैकी एकच करत असेल, तर ४० टक्के. दोन्हींपैकी एकही नसेल, तर काहीच नाही. म्हणजे इमारतीचा हा खर्च महिन्याला २,४०० युरो धरला, तर पहिल्या प्रकारात १,८०० युरो भाडेकरूंकडे जातात आणि ते प्रत्येक फ्लॅटच्या हिश्श्याप्रमाणे वाटले जातात. वर्षाअखेरी हिशोब होतो. भाडेकरूला त्याची फोड मागता येते आणि हिशोब आल्यापासून सहा महिने बिलं बघता येतात. परदेशी विद्यार्थी हे मागत नाहीत, आणि चूक तशीच राहते.

मुलगा तिकडे राहतो. नवीन वर्षाला गार्दिएँला पाकीट द्यायचं असतं म्हणे. किती? (बीड)

याला एत्रेन म्हणतात. सक्ती नाही, रीत आहे. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही चालतं. मोठ्या फ्लॅटवाले ५० युरो किंवा जास्तही देतात. विद्यार्थ्यानं दहा-वीस युरो आणि हातानं लिहिलेलं कार्ड दिलं तरी पुष्कळ. बंद पाकिटात, स्वतः लोजपाशी जाऊन द्यावं; टपालपेटीत टाकू नये. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखंच आहे, फक्त फराळाचं ताट सोबत जात नाही. बीडहून लाडू गेले असतील, तर तेही चालतील, पण आत शेंगदाणे असतील तर तसं सांगून द्यावेत.

आमच्या भाच्याला तिकडे गार्दिएँची नोकरी मिळेल का? घरही मिळतं म्हणून विचारतो. (धाराशिव)

इथून अर्ज करून, नाही. काम करण्याची परवानगी असलेलं निवासपत्र आणि रोजच्या वापराचं फ्रेंच हवंच, कारण निम्मं काम बोलण्याचं आहे. घर देण्याच्या बोलीवर कुणी एजंट पैसे मागत असेल, तर लांब राहा.

गेल्या महिन्यात लाइट गेली आणि आमच्या लिफ्टमध्ये दोघं अडकले. वॉचमननं किल्लीनं दार उघडून त्यांना ओढून काढलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. फ्रान्समध्ये गार्दिएँ हेच करतो का? (उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर)

प्रशिक्षण नसेल, तर त्यानं ते करायचं नसतं. लिफ्ट कंपनीशी केलेल्या करारात अडकलेल्यांना सोडवायची सेवा दिवस-रात्र असावीच लागते. निदान सहा आठवड्यांतून एकदा देखभालीची भेट आणि दर ५ वर्षांनी स्वतंत्र तांत्रिक तपासणीही तिकडे बंधनकारक आहे. गार्दिएँनं आतल्या माणसांशी बोलत राहायचं, किती जण आहेत आणि कुणाला दम लागतोय का ते विचारायचं, कंपनीला फोन करायचा, आणि कुणाची तब्येत बिघडली तर अग्निशमन दलाला. बाकी वेळ इतरांना दाराशी हात लावू द्यायचा नाही.

कारण सरळ आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली असेल, तर दार उघडल्यावर लिफ्टच्या तळाखाली मोकळी विहीर दिसते. आतला माणूस घाईनं खाली उडी मारतो, पाय मागे सरकतो आणि तो त्या फटीतून खाली जातो. दुसरा धोका म्हणजे अर्धा माणूस बाहेर असताना लाइट येणं. तुमच्या वॉचमनचं धाडस खरं, पण ती वेळ निभावली एवढंच.

तुमच्याकडे करायचं ते असं. लिफ्टला एआरडी आहे का बघा. लाइट गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्याला आणून दार उघडणारं ते यंत्र. बहुतेक ठिकाणी ते असतं, पण बॅटरी मेलेली असते, कारण दोन-तीन वर्षांनी ती बदलायची असते हे कुणी लिहून ठेवत नाही. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. महिन्यातून एकदा रिकामी लिफ्ट मध्यावर असताना मेन स्विच पाडून ती मजल्यावर येते का पाहा. हे लिफ्टच्या मेकॅनिकसमोर, त्याच्या भेटीच्या दिवशीच करा. अलार्मची घंटा वॉचमनच्या खोलीत ऐकू येते का, तेही त्याच वेळी तपासा. कंपनीचा चोवीस तासांचा नंबर लिफ्टच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लावा, आणि दाराची किल्ली वॉचमनच्या खिळ्यावरून काढून काचेच्या पेटीत ठेवा. मेकॅनिककडून वॉचमन आणि आणखी दोन फ्लॅटधारकांना रीतसर शिकवून घेतलं, तरच ती पेटी उघडायची; आणि तेव्हाही आधी मेन स्विच बंद, मग लिफ्ट कुठे आहे ते बघणं, मग किल्ली.